फवारा अखंड ठेवणारे टोक: प्रोटिओमिक्ससाठी एमिटर कसा निवडावा

प्रोटिओमिक्सच्या, म्हणजे नमुन्यातली असंख्य प्रथिने एकाच वेळी अभ्यासण्याच्या, यंत्रात द्रव इतका सावकाश वाहतो, की एक मिलिलिटर बाहेर पडायला 55 तासांहून जास्त वेळ लागतो. मिनिटाला 300 नॅनोलिटर हा नेहमीचा वेग. ट्रिप्सिन या विकराने प्रथिने तोडून तयार झालेले तुकडे, म्हणजे पेप्टाइड, 75 मायक्रॉन आतल्या व्यासाच्या, म्हणजे साधारण केसाच्या जाडीच्या कॉलममधून वेगवेगळे होत येतात आणि शेवटी एका बारीक टोकातून मास स्पेक्ट्रोमीटरच्या, म्हणजे आयनांचे वस्तुमान मोजणाऱ्या यंत्राच्या, तोंडाशी फवारले जातात. ते टोक म्हणजे एमिटर. यंत्र काही कोटींचे, एमिटर त्यापुढे चिल्लर. पण तोटी तुंबली की टाकी भरलेली असून उपयोग नसतो.

एमिटर आणि यंत्राचे तोंड यांच्यात 2 ते 5 मिलिमीटर अंतर आणि दीड ते अडीच हजार व्होल्ट असतात. त्या ओढीने टोकावरचा द्रव शंकूसारखा ताणला जातो. हा टेलर शंकू. जेफ्री टेलर यांनी 1964 मध्ये त्याचा अर्धकोन 49.3 अंश असल्याचे गणिताने दाखवले. शंकूच्या अणकुचीतून प्रभारित थेंब सुटतात, वाळत लहान होतात आणि प्रभार पृष्ठताणाला झेपेनासा झाला की फुटतात. फुटण्याची ही मर्यादा लॉर्ड रेली यांनी 1882 मध्येच मांडली होती. थेंब फुटत फुटत अखेर सुटे आयन, म्हणजे प्रभारित रेणू, उरतात. याच तंत्राने अखंड प्रथिने मोजून दाखवल्याबद्दल जॉन फेन यांना 2002 च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला.

हायडेलबर्गमध्ये मॅथियास विल्म आणि मॅथियास मान यांनी 1990च्या दशकात हेच टोक 1-2 मायक्रॉनपर्यंत बारीक केले आणि मिनिटाला 20 नॅनोलिटरच्या आसपास द्रव सोडला. थेंब 200 नॅनोमीटरहून लहान झाले. थेंबाचा व्यास पाचपट घटला की घनफळ 125 पट घटते. त्यामुळे थेंब लवकर वाळतो, त्यातले मीठ पेप्टाइडला कमी दाबते आणि संकेत वाढतो. इथूनच एक समजूत रुजली, की टोक जितके बारीक तितके चांगले. संवेदनशीलतेपुरते हे खरेच आहे. पण दोनशे नमुन्यांच्या अभ्यासात पहिल्या नमुन्याला मिळालेला संकेत दोनशेव्यालाही मिळायला हवा, आणि तिथे बारीक टोक बऱ्याचदा दगा देते.

कारण आकारात आहे. लेझर पुलरवर तापवून ओढलेल्या फ्युज्ड सिलिकाच्या (शुद्ध काचेसारख्या पदार्थाच्या) एमिटरचे भोक टोकाकडे निमुळते होत जाते: आत 20 मायक्रॉन, तोंडाशी 10 किंवा 5. एखादा कण आत सहज शिरतो आणि नेमका तोंडाशी अडकतो. अशा नळीत मागून दाब देणे म्हणजे बूच आणखी घट्ट बसवणे. दुसरी पद्धत आहे कोरण्याची. 2006 मध्ये अमेरिकेतल्या पॅसिफिक नॉर्थवेस्ट नॅशनल लॅबोरेटरीतल्या गटाने ती मांडली. केशनलिकेचे टोक हायड्रोफ्लुओरिक आम्लात बुडवायचे आणि त्याच वेळी आतून संथ पाणी सोडत राहायचे. आम्ल बाहेरून भिंत खाते, आतले भोक मात्र शेवटपर्यंत एकसारखे राहते. म्हणजे बाहेरून टोकदार, आतून सरळ. जे आत शिरले त्याला बाहेर पडायलाही तेवढीच वाट. (हे आम्ल त्वचेतून हाडापर्यंत जाते. हा उद्योग सवयीच्या हातांनी आणि कॅल्शियम ग्लुकोनेट जेल शेजारी ठेवूनच करावा. नाहीतर सरळ विकत घ्यावा.)

स्टेनलेस स्टीलचा एमिटर सहसा 30 मायक्रॉन भोकाचा असतो. तो सहजी तुटत नाही, व्होल्टेज थेट धातूला देता येते आणि मिनिटाला अर्धा-एक मायक्रोलिटर प्रवाह असेल तर त्यासारखा गरीब बैल नाही. 300 नॅनोलिटरवर मात्र त्याची किंमत मोजावी लागते. 30 मायक्रॉन भोकाच्या 4 सेंटिमीटर नळीत 28 नॅनोलिटर द्रव मावतो. म्हणजे कॉलममधून वेगळे झालेले पेप्टाइड पुढचे साडेपाच सेकंद पुन्हा एकमेकांत मिसळायला मोकळे. जिथे पेप्टाइडच्या संकेताचे एकेक शिखर दहा-वीस सेकंदांचे असते तिथे हे जाणवते. 20 मायक्रॉन भोकाच्या 5 सेंटिमीटरला हाच हिशेब 3 सेकंदांचा होतो आणि 10 मायक्रॉनला एका सेकंदाहून कमी. ही मोकळी जागा शून्यावर आणायची तर कॉलमच्याच टोकाला एमिटर ओढून घेतात. शिखरे त्यातून सर्वांत टोकदार मिळतात, पण टोक मोडले की कॉलमही गेला.

सोन्याचा किंवा इतर धातूचा मुलामा दिलेल्या टोकांबद्दल थोडी साशंकता बरी. एकदा ठिणगी पडली की मुलामा उडतो आणि त्यानंतर फवारा बेभरवशाचा होतो. त्यापेक्षा मागच्या सांध्यात द्रवालाच व्होल्टेज देणे बरे. फक्त त्या सांध्यात बुडबुडा अडकला की विद्युतजोड तुटते आणि फवारा थांबून थांबून येतो.

तेव्हा 75 मायक्रॉनचा कॉलम, मिनिटाला 300 नॅनोलिटर आणि नमुन्यांची लांबलचक रांग असेल, तर आतून सरळ 20 मायक्रॉनचा, बाहेरून निमुळता सिलिका एमिटर घ्यावा. काही मोजक्या पेशींचा नमुना असेल तर 10 किंवा त्याहून बारीक टोकाचा धोका पत्करावा.

बाहेरचा व्यासही तितकाच बघावा, कारण फवारा सुरू व्हायला किती व्होल्टेज लागेल ते त्यावर ठरते. शुद्ध पाणी, 3 मिलिमीटर अंतर आणि 10 मायक्रॉन बाह्यव्यासाचे टोक असेल तर सूत्राने सुमारे 930 व्होल्ट येतात. टोक 100 मायक्रॉनचे असेल तर 2,100. त्यात ग्रेडियंटची, म्हणजे कॉलममधला द्रव पाण्याकडून ॲसिटोनायट्राइल या द्रावकाकडे बदलत नेण्याची, अडचण. सुरुवातीला जवळजवळ सगळे पाणी, पृष्ठताण मीटरला 72 मिलिन्यूटन. शेवटी बहुतेक ॲसिटोनायट्राइल, ज्याचा पृष्ठताण 29. सुरुवातीला जेमतेम पुरणारे व्होल्टेज शेवटी जास्त होते आणि एका शंकूऐवजी दोन-तीन शेंड्या फुटतात. म्हणून व्होल्टेज 2 टक्के ॲसिटोनायट्राइलवर 50-50 व्होल्टने वाढवत फवारा स्थिर करावा आणि मग तेच 80 टक्क्यांवर तपासावे. दोन्हीकडे चालणारे व्होल्टेज सापडत नसेल तर टोक बोथट आहे किंवा द्रव बाहेरच्या भिंतीवर चढतो आहे. जलरोधी लेप दिलेल्या टोकावर द्रव असा चढत नाही.

बिघाड ओळखताना आधी दाब पाहावा. 10 मायक्रॉनचा 5 सेंटिमीटर लांब निरोगी एमिटर पाण्याला सुमारे 10 बार अडवतो, 20 मायक्रॉनचा एक बारही नाही. एमिटरचा सांधा सोडल्यावर दाब 60-70 बारने उतरला तर दोष एमिटरचा. जागचा हलला नाही तर कॉलम किंवा त्याच्या मागचे काहीतरी. दाब ठीक आणि संकेत मात्र थरथरतो, असे असेल तर m/z (वस्तुमान भागिले प्रभार) 445.12 कडे पाहावे. प्रयोगशाळेच्या हवेतल्या सिलोक्सेनचा हा आयन जवळपास नेहमी हजर असतो. तोही पेप्टाइडबरोबर वरखाली होत असेल तर फवारा बिघडला आहे. तो स्थिर असून पेप्टाइडच कमी दिसत असतील तर खोट नमुन्यात किंवा कॉलममध्ये शोधावी. फवाऱ्याचा प्रवाह एरवी नॅनोअँपिअरमध्ये असतो. तो एकदम मायक्रोअँपिअरमध्ये गेला तर विद्युत विसर्जन होत आहे, व्होल्टेज लगेच उतरवावे. ऋण आयनांच्या मोजणीत हे जास्त वेळा होते.

तुंबण्याची कारणे बहुधा आपल्याच हातातली असतात. केशनलिका कापताना उडालेली सिलिकाची कपची हे त्यातले सर्वांत दुर्लक्षित. सिरॅमिकच्या पात्याने एकच हलका ओरखडा द्यावा, सरळ ओढून तोडावे आणि कापलेली कड भिंगाखाली पाहावी. नमुना C18 या पेप्टाइड धरून ठेवणाऱ्या भरणावर धुऊन घ्यावा, सेंट्रिफ्यूजमध्ये 15,000 g ला 10 मिनिटे फिरवावा आणि वरचाच द्रव उचलावा; तळाला टोचू नये. प्रवाह बंद करून टोक तसेच सोडले तर त्यावर मीठ वाळते. रात्री काम नसले तरी अर्धे ॲसिटोनायट्राइल मिनिटाला 100 नॅनोलिटरने वाहू द्यावे. टोकाला हात लावण्यापूर्वी व्होल्टेज बंद असल्याची खात्री करावी, आणि टोक टिश्यूने कधीही पुसू नये.

नवा एमिटर बसवला की लगेच मौल्यवान नमुना लावू नये. आधी 10 मिनिटे नुसता फवारा चालवून एकूण आयनप्रवाह पाहावा. त्याची चढउतार 10 टक्क्यांच्या आत नसेल तर अंतर आणि व्होल्टेज पुन्हा बसवावे. मग हेला या मानवी पेशींच्या प्रथिनांपासून आधीच तयार केलेल्या पेप्टाइड-मिश्रणाचे 50 नॅनोग्रॅम लावून ओळखलेल्या पेप्टाइडची संख्या आणि शिखरांची रुंदी जुन्या एमिटरच्या आकड्यांशी ताडून पाहावी. डबीवर बसवल्याची तारीख आणि इंजेक्शनचा आकडा लिहीत गेले, की आपल्या नमुन्यांवर एक टोक किती चालते ते दोन-तीन एमिटरांत कळते. पुढचा एमिटर त्या आकड्याच्या थोडा आधीच, दोन नमुन्यांच्या तुकड्यांमध्ये बदलावा. तुकडीच्या मध्यात कधीच नाही.