पार्श्वभूमी : हरल्यावर खापर मतदाराच्या डोक्यावर

२०२४ च्या नोव्हेंबरात निकाल लागून आठवडा व्हायच्या आत अमेरिकेतल्या डेमोक्रॅटिक समर्थकांनी दोषी शोधून काढले होते. मिशिगनमधल्या डिअरबॉर्न या मोठ्या अरब वस्तीच्या शहरात रिपब्लिकन उमेदवाराला सुमारे ४२ टक्के, डेमोक्रॅटिक उमेदवाराला ३६ आणि डाव्या, पर्यावरणवादी ग्रीन पक्षाला १८ टक्के मते पडली. चार वर्षांपूर्वी याच शहराने डेमोक्रॅटांना दोन तृतीयांशाच्या आसपास मते दिली होती. मधल्या काळात गाझा घडले. तरीही 'आता भोगा आपल्या कर्माची फळे' हाच त्या दिवसांतला सूर होता. मिशिगनमधला फरक सुमारे ८० हजारांचा होता आणि ग्रीन पक्षाची राज्यभरातली मते ५० हजारांच्याही आत. ती सगळी डेमोक्रॅटांच्या पारड्यात टाकली तरी राज्य हातचे गेलेच असते. आणि मिशिगनची १५ इलेक्टोरल मते (राज्यवार मिळणारी, अध्यक्ष ठरवणारी मते) इकडची तिकडे झाली असती, तरी ३१२ विरुद्ध २२६ हा निकाल फिरत नव्हता. हा हिशेब दुसऱ्या दिवशीही मांडता येण्यासारखा होता.

हरलेल्या बाजूने मतदारावर चिडायचे, आणि त्यातही आपल्या जवळच्या, 'आपला असूनही आला नाही' अशा मतदारावर सर्वांत जास्त, ही अमेरिकेतली जुनी रीत आहे. १८४४ मध्ये न्यूयॉर्क राज्य पाच हजारांच्या आसपास मतांनी गेले आणि त्याबरोबर व्हिग पक्षाचे अध्यक्षपदही. तिथे गुलामगिरीविरोधी लिबर्टी पक्षाने १५ हजारांवर मते घेतली होती. पुढे टेक्सासचे विलीनीकरण आणि मेक्सिकोशी युद्ध झाले, तेव्हा व्हिगांनी त्याचा दोष या तत्त्वनिष्ठांच्या माथी मारला. १८८४ मध्ये पुन्हा न्यूयॉर्कच. या वेळी फरक हजार-बाराशेचा, आणि दारूबंदीवाल्यांची मते २५ हजार. चिडलेल्या रिपब्लिकनांनी गावोगाव दारूबंदीच्या उमेदवाराचे पुतळे जाळले. १९९२ मध्ये टेक्सासच्या एका अब्जाधीशाने अपक्ष उभे राहून १९ टक्के मते मिळवली आणि रिपब्लिकनांनी पराभव त्याच्या नावावर टाकला. खरे तर एक्झिट पोलमध्ये त्याचे मतदार दोन्ही मोठ्या पक्षांत जवळपास सारखेच विभागलेले दिसत होते.

आजच्या रागाला जे वळण आहे, ते मात्र २००० सालचे. डेमोक्रॅटांच्या हातून फ्लोरिडा ५३७ मतांनी गेले आणि त्याबरोबर अध्यक्षपदही; हा आकडा सगळ्यांना पाठ आहे. ग्रीन पक्षाच्या उमेदवाराला तिथे पडलेली ९७,४८८ मतेही पाठ आहेत. या दोन आकड्यांची वजाबाकी करून एका पिढीने आपले मत बनवले. पण त्या मतपत्रिकेवर अध्यक्षपदासाठी दहा उमेदवार होते, आणि पहिल्या दोघांखेरीज उरलेल्या आठांपैकी प्रत्येकाला ५३७ हून जास्त मते पडली होती. सोशालिस्ट वर्कर्स पक्ष नावाच्या चिमुकल्या पक्षाला ५६२. त्यांच्यावर कोणी चिडल्याचे ऐकिवात नाही. राज्यातल्या स्वतःला डेमोक्रॅट म्हणवणाऱ्या मतदारांपैकी, एक्झिट पोलनुसार, दहात एकाहून जास्त जणांनी थेट रिपब्लिकन उमेदवाराला मत दिले होते. ही संख्या ग्रीन मतांच्या कितीतरी पट भरते. त्यांच्यावरही फारसे कोणी चिडले नाही.

आणि मग फ्लोरिडातली पाम बीच काउंटी, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा विभाग. इथे थोडे थांबायला हवे, कारण त्या निवडणुकीतला सर्वांत महागात पडलेला निर्णय कुठल्याही मतदाराने घेतलेला नव्हता.

उमेदवार दहा झाले त्याला कारण होते. दोन वर्षांपूर्वी फ्लोरिडा राज्याच्या घटनेत दुरुस्ती होऊन लहान पक्षांना मतपत्रिकेवर येणे सोपे झाले होते. पाम बीचमध्ये निवृत्त, वयस्कर मतदार भरपूर. अध्यक्ष-उपाध्यक्षांच्या दहा जोड्या एकाच पानावर बसवायच्या तर अक्षर बारीक करावे लागणार, आणि आजी-आजोबांना ते वाचता येणार नाही. म्हणून काउंटीच्या निवडणूक अधिकारी बाईंनी, ज्या स्वतः डेमोक्रॅट होत्या, अक्षर मोठे ठेवून नावे समोरासमोरच्या दोन पानांवर वाटली आणि भोके पाडायची एकच रांग मधोमध ठेवली. हीच ती 'बटरफ्लाय' मतपत्रिका. डाव्या पानावर पहिला रिपब्लिकन, दुसरा डेमोक्रॅट. उजव्या पानावर सगळ्यात वर रिफॉर्म पक्षाचा कट्टर उजवा उमेदवार. पण मधल्या रांगेत पहिले भोक डावीकडच्या पहिल्याचे, दुसरे उजवीकडच्या पहिल्याचे, आणि तिसरे डावीकडच्या दुसऱ्याचे. डाव्या पानावर दुसरे नाव वाचून ज्याने दुसरे भोक पाडले, त्याचे मत रिफॉर्म पक्षाला गेले. नावापासून भोकाकडे बाण काढलेले होते हे खरे, पण यंत्रात बसवलेल्या पत्रिकेवर बारीक सुई धरून उभ्या असलेल्या माणसाला ते दिसलेच पाहिजेत, असे नाही.

कित्येकांच्या चूक लगेच ध्यानात आली आणि त्यांनी योग्य भोकही पाडले. दोन भोके म्हणजे मत बाद. अशी एकाहून जास्त भोकांची बाद मते या एका काउंटीत १९ हजारांवर गेली, आणि त्यातल्या पाच हजारांहून जास्त पत्रिकांवर नेमकी डेमोक्रॅट आणि रिफॉर्म अशी जोडी होती. रिफॉर्मच्या उमेदवाराला इथे ३,४०० च्या वर मते मिळाली. शेजारच्या, याहून मोठ्या ब्रॉवर्ड काउंटीत हजारही नाहीत. त्याच्याबद्दल ज्यूंमध्ये आधीपासून तिटकारा होता आणि पाम बीचमध्ये ज्यू पेन्शनरांच्या वसाहतीच्या वसाहती. ही मते बहुधा माझी नव्हेत, असे त्याने स्वतःच टीव्हीवर सांगितले. पुढच्या वर्षी राज्यशास्त्राच्या अभ्यासकांनी काढलेल्या अंदाजानुसार दोन हजारांहून जास्त डेमोक्रॅटिक मतदारांची मते अशी चुकून तिकडे गेली. ५३७ च्या पुढे दोन हजार.

फेरमतदानाची मागणी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली. मतपत्रिका कायद्याच्या चौकटीत बसते, असे त्यांचे म्हणणे. त्यात तथ्य नव्हते असे नाही: नमुना आधी छापून प्रसिद्ध झाला होता आणि कोणत्याही पक्षाने हरकत घेतली नव्हती. पण त्याच आठवड्यांत टीव्हीवर ज्यांची टिंगल चालली होती ते होते पाम बीचचे म्हातारे. 'शाळकरी पोरालाही कळेल अशी पत्रिका, यांना कळत नाही?' जॅक्सनव्हिल शहराच्या ड्युव्हल काउंटीत तर उमेदवारांची यादी एकामागून एक दोन पानांवर होती आणि वर्तमानपत्रातल्या नमुना पत्रिकेवर 'सर्व पानांवर मत द्या' अशी सूचना होती. लोकांनी सांगितले तसे केले, आणि तिथेही २० हजारांहून जास्त मते दोनदा भोक पडल्याने बाद झाली. बाद मतांचे प्रमाण कृष्णवर्णीय वस्त्यांत सर्वांत जास्त होते. सूचना पाळणाऱ्याची चूक म्हणायची, तर मग बोलणेच खुंटले.

पुढचे सर्वांना ठाऊक आहे. ब्रॉवर्डमधल्या एका न्यायाधीशाचा भिंग लावून, डोळे विस्फारून पत्रिका तपासतानाचा फोटो जगभर गेला. राज्यातल्या न्यायालयाने ८ डिसेंबरला राज्यभर हाताने मोजणीचा आदेश दिला, दुसऱ्याच दिवशी देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली आणि १२ डिसेंबरला पाच विरुद्ध चार मतांनी मोजणी कायमची थांबली. आपला विचार सध्याच्या परिस्थितीपुरताच मर्यादित आहे, असेही त्या निकालात लिहून ठेवले गेले. पायंडा पाडायचा नसेल तर निकाल कशाला, हा प्रश्न कायदेपंडित अजून विचारतात. वर्षभराने वृत्तसंस्थांनी मिळून वादातल्या सुमारे पावणेदोन लाख पत्रिका तपासल्या. डेमोक्रॅटांनी मागितलेली मर्यादित मोजणी पुरी झाली असती तरी ते हरलेच असते. राज्यभरातल्या सगळ्या बाद पत्रिका पाहिल्या असत्या, तर कदाचित थोडक्यात जिंकले असते. म्हणजे वकिलांनी मागणीच चुकीची केली होती. पण लोकांच्या लक्षात ९७,४८८ राहिले. २००२ मध्ये अमेरिकी संसदेने कायदा करून भोके पाडायची यंत्रे हटवायला राज्यांना अब्जावधी डॉलर दिले. २००४ मध्ये पाम बीचच्या त्या अधिकारी बाई निवडणूक हरल्या आणि ग्रीन पक्ष सोडून पुन्हा उभ्या राहिलेल्या २००० च्या उमेदवाराला देशभरात अर्धा टक्काही मते मिळाली नाहीत. धाक बसला होता.

त्यानंतरच्या काळात उमेदवारच मतदारांबद्दल बोलताना पकडले जाऊ लागले. २००८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या निधी संकलनात एका डेमोक्रॅटाने, नोकऱ्या गेलेल्या गावांतले लोक कडवटपणे बंदुकीला आणि धर्माला चिकटून बसतात, असे म्हटले. २०१२ मध्ये रिपब्लिकन उमेदवाराने धनिकांना ४७ टक्के लोक सरकारवर अवलंबून आहेत आणि ते आपल्याला मत देणार नाहीत, असे सांगितले. चोरून केलेले ते चित्रण बोका रॅटनचे, म्हणजे पुन्हा पाम बीच काउंटीच. नोव्हेंबरात त्याला स्वतःलाच ४७ टक्के मते पडली. २०१६ मध्ये डेमोक्रॅटिक उमेदवाराने विरोधकाचे निम्मे समर्थक 'निंद्य' ठरवले, आणि समोरच्यांनी तो शब्द टी-शर्टवर छापून मिरवला.

त्या वर्षीचा हिशेब २००० ची आठवण करून देणारा. डेमोक्रॅटांना देशभरात २८ लाखांहून जास्त मतांची आघाडी, आणि मिशिगन, विस्कॉन्सिन, पेनसिल्व्हेनिया या तीन राज्यांत मिळून ७८ हजारांनी हार. तिन्ही ठिकाणी ग्रीन पक्षाची मते फरकापेक्षा जास्त, त्यामुळे खापर कुणावर फुटणार हे ठरलेलेच होते. लिबर्टेरियन पक्षाने देशभरात ग्रीनच्या तिप्पट मते घेतली होती, ती चर्चेत आलीच नाहीत. फरक जेमतेम १०,७०४ मतांचा असलेल्या मिशिगनमध्ये ७५ हजारांवर मतपत्रिकांवर अध्यक्षपदासाठी ग्राह्य मतच नव्हते. मिलवॉकी शहरात २०१२ पेक्षा सुमारे ४१ हजार मते कमी पडली. विस्कॉन्सिनमधला फरक २२,७४८. तिथे अध्यक्षपदाच्या निवडणुकीला ओळखपत्राचा नवा नियम पहिल्यांदाच लागू झाला होता, आणि डेमोक्रॅटिक उमेदवाराने उमेदवारी पक्की झाल्यावर त्या राज्यात एकही फेरी मारली नव्हती. दारात न गेलेल्याने पाहुणचाराची तक्रार करावी, त्यातला प्रकार.

रिपब्लिकनांनी २०२० मध्ये वेगळा रस्ता धरला. मतदार चुकला असे न म्हणता मतेच खोटी ठरवायची. त्यातही बोट दाखवले गेले ते डेट्रॉईट, फिलाडेल्फिया, मिलवॉकी आणि अटलांटा या कृष्णवर्णीयांच्या मोठ्या वस्तीच्या शहरांकडे. साठाच्या वर खटले झाले, जवळपास सगळे पडले, आणि ६ जानेवारी २०२१ ला संसदेवर हल्ला झाला. जॉर्जियात फरक ११,७७९ होता आणि लिबर्टेरियन उमेदवाराला तिथे ६२ हजारांवर मते होती. जुन्या हिशेबाने राग तिकडे जायला हवा होता. पण निकालच मान्य नसेल, तर मते खाणाऱ्याशी भांडण कशाला?

मते फुटण्यावर इलाज म्हणून पसंतीक्रमाचे मतदान पुढे आले: उमेदवारांना पहिली, दुसरी अशी पसंती द्यायची आणि मागे पडलेल्याची मते पुढच्या पसंतीकडे वळवायची. मेनमध्ये ३८ टक्क्यांच्या आसपास मतांवर गव्हर्नर निवडून आल्याने लोक वैतागले होते. २०१६ मध्ये त्यांनी जनमत घेऊन ही पद्धत आणली. तशी गरज इतरत्रही दिसते. २०२२ मध्ये डेट्रॉईटमध्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्राथमिक फेरीत नऊ उमेदवार होते. सुमारे २८ टक्के मतांवर बेळगावात वाढलेला एक मराठी माणूस जिंकला आणि पुढे प्रतिनिधिगृहात गेला. १९५० च्या दशकानंतर प्रथमच डेट्रॉईटला कृष्णवर्णीय प्रतिनिधी उरला नाही. हळहळ होती ती माघार न घेतलेल्या उमेदवारांबद्दल; मतदारांना, अपवाद म्हणावा तसे, कोणी फार बोलले नाही.

अलास्कात ही पद्धत पहिल्यांदा वापरली गेली ती ऑगस्ट २०२२ च्या पोटनिवडणुकीत. दोन रिपब्लिकन मिळून साठ टक्के मते, आणि जिंकली एक डेमोक्रॅट. रिपब्लिकनांनी पद्धतीलाच लबाडी म्हटले. २०२४ मध्ये ती रद्द करण्याचा ठराव हजाराहून कमी मतांनी पडला, तर कोलोरॅडो, आयडाहो, नेवाडा आणि ओरेगनमधल्या मतदारांनी त्याच दिवशी ही पद्धत नाकारली. अलास्कातली मोजणी सार्वजनिक आहे. तिसऱ्या क्रमांकाच्या रिपब्लिकन उमेदवाराच्या सुमारे ५४ हजार मतदारांपैकी जेमतेम निम्म्यांनी दुसरी पसंती पक्षातल्या दुसऱ्या उमेदवाराला दिली. पंधरा हजारांनी डेमोक्रॅटला दिली, आणि अकरा हजारांवर लोकांनी ती जागा कोरी सोडली. फरक पाच हजारांच्या थोडा वर होता.