उपवनची वही, एक शेपूट आणि झुरळांची शर्यत

गुडघा गेला तेव्हा मी आमचा रविवारचा धावण्याचा ग्रुप सोडायच्याच विचारात होते. फिजिओने तीन महिने धावणं बंद सांगितलं होतं, आणि धावायचंच नाही तर रविवारी पहाटे पावणेसहाला ठाण्यातल्या वर्तकनगरहून उपवन तलावावर कशाला मरायला जायचं, असा साधा सरळ हिशोब होता. पण आमच्या ग्रुपमधले एक काका, बँकेतून रिटायर झालेले, त्यांनी फोनवर माझं ऐकूनच घेतलं नाही, म्हणाले अगं धावू नकोस पण ये तरी, वही कोण धरणार, माझा चष्मा दमट हवेत सारखा धुकटतो. म्हणून गेले. वही म्हणजे दोनशे पानी साधी वही, त्यात कोण आलं, किती वाजता निघालं, तलावाच्या किती फेऱ्या मारल्या एवढंच लिहायचं, आणि गळ्यात एक स्टॉपवॉच.

आता हे काम मला पहिले दोन रविवार अगदी बिनकामाचं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण स्वभावाने मी जरा खोदून वाचणारी, त्यामुळे घरी येऊन वाचत बसले की माणसं एकट्याने न धावता घोळक्याने का धावतात, आणि वाचता वाचता लक्षात आलं की या विषयावर शास्त्रज्ञ सव्वाशे वर्षं डोकं खाजवतायत आणि त्यातल्या निम्म्या प्रयोगांचं उत्तर शेवटी वहीवाल्यापाशीच येऊन थांबतं.

सुरुवात सायकलवाल्यांपासून झाली. 1898 मध्ये नॉर्मन ट्रिपलेट नावाच्या अमेरिकन माणसाने सायकल शर्यतींचे आकडे चाळले, तर एकटे घड्याळाशी झुंजणारे सायकलस्वार सोबत कोणी असलेल्यांपेक्षा हळू निघाले. वाऱ्याचा आडोसा मिळतो हे खरं, पण तेवढंच कारण असेल का, म्हणून त्याने 40 मुलांना मासेमारीच्या गळाचं रीळ फिरवायला बसवलं, एकदा एकट्याने आणि एकदा शेजारी दुसरं मूल ठेवून. शेजारी कोणी असलं की 20 मुलं जोरात फिरवायला लागली. ही गोष्ट बऱ्याच ठिकाणी इथेच संपवतात. पण उरलेल्यांत 10 जणांवर काही फरकच पडला नाही आणि 10 जण चक्क गडबडले, हळू झाले. मला ही शेवटची 10 मुलं फार जवळची वाटतात कारण शाळेत पीटीच्या तासाला मी त्यातलीच होते.

ती का गडबडली याचं एक उत्तर मिळालं झुरळांकडून. हो, झुरळंच. 1969 मध्ये रॉबर्ट झायन्स आणि त्याच्या सहकाऱ्यांनी झुरळांसाठी दोन रस्ते बनवले, एक सरळसोट आणि एक वळणाचा भुलभुलैया, एका टोकाला झगझगीत दिवा म्हणजे झुरळ अंधाराकडे पळणारच. मग कडेला पारदर्शक खोके ठेवून त्यात प्रेक्षक म्हणून आणखी झुरळं बसवली. प्रेक्षक असताना सरळ रस्त्यावर झुरळं जास्त जोरात पळाली, आणि भुलभुलैयात मात्र जास्त वेळ घ्यायला लागली. झायन्सचं म्हणणं असं की आजूबाजूला आपल्या जातीचं कोणी असलं की अंग आपोआप चेतवलं जातं, त्यात जे अंगवळणी पडलंय ते आणखी चांगलं होतं आणि जे नवीन आहे ते आणखी बिघडतं. आमच्याकडे पूर्वी नवीन आलेल्या माणसाला कौतुकाने पुढे उभं करून स्क्वॉट्स शिकवायचे, सगळे बघतायत, तो बिचारा घामाघूम, आणि पुढच्या रविवारी गायब. आता नवीन माणसाला मागे झाडाखाली एकच जण शिकवतो, बाकीच्यांची पाठ. झुरळांचे उपकार म्हणायचे.

पण घोळका नेहमी जोर वाढवतोच असंही नाही बरं का. फ्रान्समध्ये मॅक्स रिंगेलमन म्हणून एक शेतकी इंजिनियर होता, त्याने माणसांना दोर ओढायला लावून जोर मोजला, 1913 साली ते छापून आलं. माणसं वाढली की एकूण जोर वाढतो पण माणशी जोर घटत जातो, आठ जण एकत्र ओढायला लागले की प्रत्येकाकडून एकट्याच्या जवळजवळ निम्माच जोर निघतो. थोडा भाग ताल न जमण्याचा, एक ओढतो तेव्हा दुसरा श्वास घेत असतो. पण थोडा भाग शुद्ध चालढकलीचा, आणि तो वेगळा काढून दाखवला 1979 मध्ये बिब लताने नावाच्या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी. विद्यार्थ्यांच्या डोळ्यांवर पट्टी, कानावर हेडफोन, आणि सांगितलं की तुमच्यासोबत बाकीचेही ओरडतायत. प्रत्यक्षात तो एकटाच ओरडत होता, म्हणजे ताल चुकायचा प्रश्नच नाही, तरी आवाज कमी निघाला. नुसत्या कल्पनेने, की आहेत की बाकीचे!

आणि मग 1981 चा पुढचा प्रयोग, जो वाचून मी खुर्चीतच ताठ बसले. त्यांनी विद्यार्थ्यांना सांगितलं की घोळक्यात असलात तरी प्रत्येकाचा आवाज वेगळा मोजला जाणारे. झालं, चालढकल गायब. दहीहंडीच्या थरांमध्ये कोणी अंग चोरत नाही ते यामुळेच असावं असं मला वाटतं, ठाण्यात नऊ नऊ थर लागताना बघितलेत, त्यात एकाने खांदा ढिला सोडला तर सगळ्या मैदानाला दिसतं कुणाचा सुटला ते. आमच्या तलावाच्या फेरीत तसं काही दिसत नाही, चाळीस जणांत कोण चार फेऱ्या म्हणून तीनच मारून चहाच्या टपरीवर गेला ते कोणाला कळणार. वहीला कळतं. मी कोणाला ओरडत नाही, काही बोलतही नाही, नुसतं नावापुढे आकडा लिहिते, तरी गेल्या काही महिन्यांत टपरीवरची गर्दी उशिरा व्हायला लागलीय.

वहीचं दुसरं काम जोड्या लावायचं, आणि हे काम मी काकांशी भांडून मागून घेतलं. 1920 च्या दशकात ओटो कोलर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने बर्लिनच्या एका रोइंग क्लबमधल्या तगड्या माणसांना वजन वर-खाली करायला लावलं, आधी एकट्याने, मग दोघांत मिळून दुप्पट वजन. दोघांत एकजण थकला की खेळ खलास, म्हणजे कमकुवत माणसावर सगळं अडलेलं. तर कमकुवत माणूस एकट्याने जेवढं टिकायचा त्यापेक्षा जोडीत जास्त टिकला. माझ्यामुळे याचं नको अडायला, एवढीच भावना, पण ती स्नायूंपर्यंत पोचते. यातली बारीक गोष्ट अशी की जोडीदार थोडासा वरचढ असला तर हे छान जमतं, अगदी बरोबरीचा असला तर विशेष नाही, आणि फारच पुढचा असला तर माणूस प्रयत्नच सोडतो. आमचे एक रिक्षावाले दादा आहेत, नाइट ड्युटी संपवून थेट येतात आणि सुसाट धावतात, त्यांच्यासोबत मी सुरुवातीला एका नवीन मुलीला लावलं होतं, ती दुसऱ्या फेरीलाच बसली. आता ती डबे पोचवणाऱ्या ताईंसोबत पळते, ताई तिच्यापेक्षा अर्धा मिनिटच पुढच्या, आणि दोघींची रोजची भुणभुण अशी की तू हळू, नाही तूच हळू.

गुडघा जरा बरा झाल्यावर मला बढती मिळाली, शेपूट झाले. शेपूट म्हणजे सगळ्यात मागच्या माणसाच्याही मागे चालणारं माणूस, म्हणजे कोणी शेवटचं उरत नाही आणि कोणी कुठे बसलंय, चक्कर आलीय, हे कळतं. या कामात एक फुकटचं यंत्र वापरता येतं, गप्पा. व्यायाम मध्यम असला की माणूस बोलू शकतो पण गाऊ शकत नाही. जोर वाढला की स्नायूंत आम्ल वाढतं, ते शमवताना रक्तात जास्तीचा कार्बन डायऑक्साइड तयार होतो, तो बाहेर फेकायला श्वास भराभर चालतो, आणि बोलायला तर उच्छ्वास हातात राखून ठेवावा लागतो, मग वाक्याचे तुकडे पडतात. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, तर तो मध्यम ओळखायला मनगटावर महागडं घड्याळ नसलं तरी चालतं. मी मागून विचारते, काकू, घोडबंदरला काल किती ट्रॅफिक होतं हो? काकूंनी पूर्ण कहाणी सांगितली तर चाल वाढवायला हरकत नाही, दोन शब्दांत उत्तर आलं तर मी लगेच म्हणते थांबू या जरा, फोटो काढू तलावाचा.

बरं, या सगळ्यात मजा का येते? ऑक्सफर्डच्या नौका चालवणाऱ्या 12 खेळाडूंवर एक छोटा प्रयोग झाला होता, 2010 मध्ये छापून आला. तेच यंत्र, तीच 45 मिनिटं, एकदा एकट्याने आणि एकदा सगळ्यांनी एका लयीत वल्हवायचं, आणि नंतर ब्लडप्रेशरचा पट्टा फुगवत न्यायचा, दुखलं की सांगा. सोबत वल्हवल्यावर जास्त दुखणं सहन झालं, मेहनत सारखीच असून. शरीरातले वेदनाशामक एंडॉर्फिन जास्त सुटले असावेत असा त्यांचा अंदाज. फक्त 12 माणसं म्हणजे फार उड्या मारू नयेत, पण ढोलपथकात जे कोणी कधी होते त्यांना विचारा, कमरेला एवढा जड ढोल बांधून तासन्‌तास वाजवतात आणि हाताला फोड आलेत हे घरी आल्यावर कळतं. आम्हीपण शेवटच्या पीटीला एक दोन तीन चार असं मोठ्याने मोजतो, तलावावर बसलेले बगळे उडतात पण मोजतो. जाता जाता, व्यायामानंतरच्या त्या खुशीत आणखी एका रसायनाचा हात असल्याचं आता मानतात, ते 1992 मध्ये सापडलं आणि शोधणाऱ्यांनी त्याला नाव दिलं आनंदामाइड, आपल्या संस्कृतमधल्या आनंद वरून.

स्वयंसेवेबद्दल मात्र जरा जपून बोलायला हवं. सेवा करणारे लोक जास्त निरोगी असतात असं बऱ्याच पाहण्यांत दिसतं, पण मुळात ज्याचं अंग धड आहे तोच पहाटे उठून सेवेला जाणार ना, मग कशामुळे काय झालं? म्हणून मला व्हँकुव्हरचा 2013 चा प्रयोग जास्त पटतो. तिथे दहावीतली 106 मुलं-मुली घेतली, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले, एका गटाने 10 आठवडे लहान मुलांसोबत सेवेचं काम केलं, दुसरा नंतरसाठी थांबवून ठेवला. काम केलेल्यांच्या रक्तात कोलेस्टेरॉल आणि सूज दाखवणारं इंटरल्यूकिन-6 कमी निघालं. चिठ्ठीने गट पडल्यामुळे मुळातच चांगली मुलं होती असं म्हणता येत नाही.

आणि सेवा म्हणजे नुसता भाबडा उत्साह पण नको, हे मी स्वतःच्या चुकीवरून सांगते. पावसाळ्यातल्या एका रनमध्ये मी पाण्याच्या टेबलावर होते आणि प्रत्येकाला प्या प्या, अजून एक घ्या करत होते, लग्नातल्या पंगतीत जिलबीचा आग्रह करावा तसं. नंतर वाचलं की 2002 च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये 488 धावपटूंचं रक्त तपासलं तर 13 टक्क्यांच्या रक्तातलं सोडियम खाली गेलेलं होतं, मुख्यतः जास्त पाणी प्यायल्यामुळे. सोडियम फार पातळ झालं की मेंदूच्या पेशी फुगतात, जिवावर बेतू शकतं, आणि धोका पुढच्या धावपटूंना कमी, मागून चार चार तास येणाऱ्यांना जास्त, कारण ते प्रत्येक टेबलावर थांबतात. ठाण्याच्या दमट हवेत घाम बदाबदा गळतो म्हणून अजून प्यावंसं वाटतं, पण गळलेल्या घामाने गारवा मिळत नाही, गारवा मिळतो तो सुकणाऱ्या घामाने, एक लिटर घाम पूर्ण सुकला तर साधारण 580 किलोकॅलरी उष्णता नेतो, टपकला तर काहीच नाही. म्हणजे अशा हवेत वेग कमी करायचा आणि पाणी तहानेपुरतं. आता मी ग्लास पुढे करते आणि गप्प बसते, जे मला अजिबात सोपं जात नाही.

एक गोष्ट सांगायची राहिलीच. लंडनच्या बुशी पार्कमध्ये 2 ऑक्टोबर 2004 ला, म्हणजे आपल्याकडे गांधी जयंती, 13 जण 5 किलोमीटर धावले, फुकट, आणि त्यातून पार्करन नावाचा प्रकार वीसहून जास्त देशांत पसरला, सगळा स्वयंसेवकांच्या जिवावर. तो सुरू करणारा पॉल सिंटन-ह्युइट त्या दिवशी धावलाच नव्हता. त्याला दुखापत झाली होती, धावता येत नव्हतं पण मित्रांना भेटायचं होतं, म्हणून तो वेळ मोजायला उभा राहिला. हे वाचलं तेव्हा मी काकांना फोन करून सांगितलं, तर ते म्हणाले बरं बरं, पण रविवारी पेन घेऊन ये, मागच्या वेळचं चालत नव्हतं.

काका स्वतः गेले दोन रविवार आले नव्हते. वहीत सलग दोन रिकामे चौकोन दिसले म्हणून सोमवारी मी आणि डब्यावाल्या ताई त्यांच्या घरी गेलो, तर ताप होता, एकटेच, मुलगा पुण्याला. ताईंनी तीन दिवस पेज आणि वरण-भात पोचवला. 148 अभ्यासांची, तीन लाखांहून जास्त माणसांची एक मोठी बेरीज 2010 मध्ये झाली होती, त्यात ज्यांची माणसांशी घट्ट नाती होती त्यांची तेवढ्या काळात जगण्याची शक्यता 50 टक्क्यांनी जास्त निघाली, आणि हे नक्की कोणत्या वाटेने होतं यावर अजून चर्चा चालूच आहे. एक वाट मला पेजेच्या डब्यात दिसली.

या रविवारी पाऊस आहे म्हणतात. अमेरिकेतल्या एमआयटीच्या लोकांनी 11 लाख धावपटूंची माहिती घेऊन दाखवलंय की दुसऱ्या गावातल्या मित्राकडे पाऊस पडला आणि तो कमी धावला की कोरड्या गावातले आपणही थोडे कमी धावतो. त्यामुळे मी ग्रुपवर पावसाबद्दल एक अक्षर टाकलेलं नाही. वहीला दुधाच्या पिशवीचं कव्हर घातलंय आणि पेनं दोन घेतलीत.