घराभोवतीची वटवाघळे व इतर वन्यजीव (पुणे)

पुणे शहराच्या मानवी वस्तीत, म्हणजे घरांच्या फटी, छपरे, पार्किंग, सोसायटीची झाडे, नाले आणि टेकड्यांचे उतार यांच्या आधाराने राहणारे वन्यप्राणी आणि त्यांच्यासोबत राहण्याची पद्धत, असा या नोंदीचा विषय आहे. वेताळ टेकडी, पाषाण, तळजाई आणि पर्वती यांच्या पायथ्यापर्यंत इमारती गेल्या आहेत. मुळा-मुठेचे काठ आणि त्यांना मिळणारे नाले वस्तीच्या मधून वाहतात. त्यामुळे शहर कुठे संपते आणि रान कुठे सुरू होते, हे पुण्यात सांगणे अवघड आहे. या शेजाऱ्यांपैकी सर्वांत जास्त गैरसमज वटवाघळांविषयी आहेत.

शहरात दिसणारी वटवाघळे ढोबळमानाने दोन प्रकारची असतात. पहिला प्रकार फळखाऊ वटवाघळांचा. यातले सर्वांत मोठे म्हणजे टेरोपस मेडियस, भारतीय उडता कोल्हा. याच्या पंखांचा विस्तार सव्वा मीटरच्या आसपास भरतो. जुने वड, पिंपळ, निलगिरी अशा उंच झाडांवर यांची वसाहत उघड्यावर लटकलेली असते. मादीला वर्षाला एकच पिल्लू होते, म्हणून एक वसाहत उठवली की ती भरून यायला वर्षे लागतात. त्याहून बरेच लहान असलेले सायनोप्टेरस स्फिंक्स मात्र अक्षरशः घराशेजारी राहते. ताडमाडांच्या झावळ्यांखाली, किंवा सोसायट्यांच्या कुंपणाला ओळीने लावलेल्या उंच खोट्या अशोकाच्या पानोळ्यात, नर देठ कुरतडून छोटी पोकळी तयार करतो आणि दिवसा तिथे टांगून राहतो. त्या झाडाखालून रोज जाणाऱ्यालाही त्याचा पत्ता नसतो.

दुसरा प्रकार कीटकभक्षी, ज्यांना मराठीत पाकोळ्या म्हणतात. पिपिस्ट्रेल जातीची पाकोळी काही ग्रॅम वजनाची असते आणि तिला बोटभर फट पुरते. संध्याकाळी रस्त्यावरच्या दिव्याभोवती वेड्यावाकड्या गिरक्या घेताना दिसते ती हीच. ती उच्च कंपनांचे आवाज काढते आणि प्रतिध्वनीवरून किड्याचा माग घेते. वटवाघूळ आंधळे असते हा समज चुकीचा आहे. फळखाऊ जाती तर मुख्यतः डोळ्यांच्या आणि नाकाच्या भरवशावर उडतात. पाकोळ्या डास खातात हे खरे, पण सोसायटीत पाकोळ्या आहेत म्हणून डेंग्यू होणार नाही, असे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. त्या पतंग, भुंगे, वाळवीचे पंखवाले किडे, जे मिळेल ते खातात.

पेठांमधल्या वाड्यांत माळा, कौले, तुळयांच्या खाचा आणि विटांच्या भिंतींतल्या भेगा होत्या. एकेक वाडा पाडून तिथे काँक्रीट उभे राहत गेले तशा त्या जागा गेल्या. उपनगरांतल्या पुनर्विकासात जुन्या बंगल्यांसोबत बागेतली आंबा, जांभूळ, उंबराची झाडेही जातात. वटवाघळे मात्र शहर सोडून जात नाहीत. एसीच्या बाहेरच्या युनिटमागे, डक्टमध्ये, दुकानाच्या पाटीआड, पार्किंगच्या बीमखाली ती जागा शोधतात. ‘हल्ली फार वाढलीत’ ही नेहमीची तक्रार बहुधा संख्येविषयी नसते. पूर्वी माळ्यावर असलेला प्राणी आता नजरेच्या टप्प्यात आलेला असतो, एवढेच.

सर्वाधिक चिडचीड होते ती डागांवरून. सकाळी स्कूटरच्या सीटवर उंबराच्या बारीक बियांचा चिकट तपकिरी सडा, खाली देशी बदामाची अर्धवट कुरतडलेली फळे, चावून रस शोषून थुंकलेला चोथा, आणि भिंतीवर वरून खाली ओघळलेल्या रेघा. जवळ फळझाड नसले तरी हे होते, कारण स्फिंक्स वटवाघूळ झाडावर बसून खात नाही. फळ तोडते आणि दूरच्या ठरलेल्या आडोशाला नेऊन तिथे लटकून खाते. पोर्चचे छत किंवा जिन्याचा कोपरा हा त्याचा आडोसा, घर नव्हे. तिथे रात्री काही दिवस दिवा चालू ठेवला तर बहुतेक वेळा ते जागा बदलते. डाग ओले असतानाच पाण्याने निघतात. वाळल्यावर रंगासकट निघतात. डांबरगोळ्या आणि ‘अल्ट्रासॉनिक’ यंत्रे यांचा भरवसा धरण्यात अर्थ नाही. बियांची ही घाण म्हणजेच शहरातल्या भिंतींवर आणि मोकळ्या जागांवर उगवणाऱ्या वड-पिंपळ-उंबरांची पेरणी आहे. सोसायटीच्या देखभाल समितीला मात्र ती पेरणीही नकोच असते, आणि स्लॅबमध्ये मुळे शिरल्यावर ते समजण्यासारखेही आहे.

पाकोळी खोलीत शिरली तर सर्वांत मोठा धोका तिला असतो, तोही छताच्या पंख्याचा. आधी पंखा बंद करावा. मग आतले दार लावून खिडक्या पूर्ण उघडाव्यात, जाळी सरकवावी आणि खोलीतला दिवा मालवावा. काही मिनिटांत ती आपण होऊन बाहेर पडते. झाडू किंवा टॉवेल घेऊन मागे लागल्यास ती दमून पडद्याला चिकटते आणि काम लांबते. जमिनीवर पडलेली असेल तर जाड कापडाने उचलून खोक्यात ठेवावी आणि तिन्हीसांजेला झाडाच्या खोडावर उंच टेकवावी, कारण बहुतेक जातींना जमिनीवरून उड्डाण घेणे जड जाते. उघड्या हाताने कधीही धरू नये. चावा किंवा ओरखडा झाल्यास जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन रेबीजच्या लसीसाठी लगेच दवाखाना गाठावा.

फटीत वसती असेल तर ती बुजवण्याआधी आत पिल्ले नाहीत याची खात्री करावी लागते. पिल्ले उडू लागायला साधारण महिना-दीड महिना लागतो. त्याआधी फट बंद केली तर ती आतच मरतात आणि वासाने घरमालकालाच पश्चात्ताप होतो. पिल्ले नसताना फटीवर बाहेरून जाळी अशी टांगतात की तिची खालची बाजू सुटी राहील. पाकोळी सरपटत बाहेर पडते, परत येताना तिला वाट सापडत नाही. आठवडाभर हे चालू द्यावे, मग सिमेंट लावावे.

आजारांची भीती निराधार नाही, पण ती नेमकी हवी. पुण्यातल्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने मार्च २०२० मध्ये महाबळेश्वरच्या एका गुहेतून गोळा केलेल्या वटवाघळांत निपाहच्या संसर्गाच्या खुणा आढळल्या. असा विषाणू पोहोचण्याची वाट उष्टे फळ किंवा उघड्या भांड्यातला कच्चा रस ही आहे. झाडावर लटकलेला प्राणी नव्हे. म्हणून उष्टी फळे टाकून द्यावीत. साचलेली वाळकी विष्ठा झाडण्याआधी पाणी मारावे आणि मास्क लावावा. कोविडच्या पहिल्या महिन्यांत वसाहती हटवण्याच्या मागण्या झाल्या, तेव्हा दक्षिण आशियातील वटवाघूळ-संशोधकांनी संयुक्त पत्रक काढून ही भीती अनाठायी असल्याचे सांगितले. ज्या बाल्कनीतून वटवाघळांना शिव्या जातात तिथेच कबुतरांना मूठभर दाणे पडतात, हे मात्र गमतीचे आहे. कबुतरांच्या विष्ठेने फुप्फुसांना होणारा त्रास पुण्यातल्या डॉक्टरांना चांगला परिचित आहे.

कायद्यात १९७२च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने फळखाऊ वटवाघळांना एखाद-दुसरी जात वगळता उपद्रवी ठरवले होते, उंदीर-कावळ्यांच्या रांगेत. २०२२च्या दुरुस्तीत ती यादीच काढून टाकली. वसाहतीचे झाड तोडायला १९७५च्या राज्य वृक्ष कायद्यानुसार महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. प्रत्यक्षात विजेच्या तारा आणि पतंगाचा मांजा यांनी मोठी वटवाघळे अधिक जायबंदी होतात. पंख एवढे रुंद की दोन तारांना एकाच वेळी स्पर्श होतो.

बाकीचे शेजारी थोडक्यात. उदमांजर माळ्यावर रात्री पळते आणि माणसे त्याला चोर समजतात. पिंगळा आणि गव्हाणी घुबड उंदीर खातात. अपशकुनाच्या नावाखाली त्यांचीच घरटी मोडली जातात. पावसाळ्यात नाल्याकाठच्या सोसायट्यांत दिवड, धामण, कवड्या निघतात, कधी नाग आणि घोणसही. सापांविषयी पुण्याला थोडी जाण आहे, त्यात नीलिमकुमार खैरे यांचा वाटा मोठा. १९८०मध्ये त्यांनी पुण्यात ७२ विषारी सापांसोबत ७२ तास काढले, आणि १९८६मध्ये कात्रजचे सर्पोद्यान सुरू झाले. सापापासून लांब उभे राहून त्याच्यावर नजर ठेवावी आणि सर्पमित्राला बोलवावे; मोबाइलवर चित्रीकरण करत वर्तुळ करून उभे राहू नये.

९ डिसेंबर २०२० रोजी कोथरूडमध्ये रानगवा शिरला तेव्हा गर्दी, पाठलाग आणि दमछाक यांत तो दगावला. त्याच महिन्यात बावधन परिसरात दुसरा गवा आला. त्या वेळी लोकांना लांब ठेवून त्याला जंगलाची वाट मोकळी करून देण्यात आली. अशा वेळी वन विभागाची १९२६ ही हेल्पलाइन आहे.