मेदाम्ले, सागरी मत्स्यपिल्लांच्या आहारातील

संवर्धनातील सागरी माशांच्या डिंभांना (अंड्यातून नुकत्याच निघालेल्या अळीसारख्या पिल्लांना) व बोटुकलीला (बोटाएवढ्या पिल्लांना) खाद्यातूनच पुरवावी लागणारी लांब साखळीची बहुअसंतृप्त (कार्बनच्या साखळीत अनेक दुहेरी बंध असलेली) मेदाम्ले. ओमेगा-३ गटातील डीएचए व ईपीए आणि ओमेगा-६ गटातील ॲराकिडॉनिक आम्ल ही त्यांतील प्रमुख होत. याउलट सांगली-साताऱ्याकडील कृष्णा-वारणा खोऱ्यात मत्स्यशेती गोड्या पाण्याची. तेथे कटला, रोहू, मृगळ शेंगदाणा पेंड, भाताचा कोंडा आणि तळ्यातील प्लवकांवर वाढतात. १८ कार्बनी लिनोलेनिक आम्लापासून लांब साखळीची आम्ले हे मासे बऱ्याच अंशी स्वतः घडवतात.

सागरी माशांना हे का साधत नाही, याविषयी एकमत नाही. १९७५ मधील किरणोत्सर्गी कार्बनच्या प्रयोगांत ट्राउट या गोड्या पाण्यातील माशाने दिलेल्या लिनोलेनिक आम्लापैकी सुमारे ७० टक्के, तर टर्बट या चपट्या सागरी माशाने केवळ ३ ते १५ टक्के लांब साखळीच्या आम्लांत रूपांतरित केले. पुढील पेशीसंवर्धनांत टर्बटमध्ये साखळी १८ वरून २० कार्बनपर्यंत नेणारी पायरी, तर सी-ब्रीम या दुसऱ्या सागरी माशात डेल्टा-५ डिसॅच्युरेज हे साखळीत दुहेरी बंध घालणारे एंझाइम दुबळे आढळले. म्हणजे दोष सर्वत्र एकच नाही. समुद्रातील भक्ष्यात डीएचए विपुल असल्याने ही क्षमता मागे पडली, असे पूर्वापार मानले जाई. मात्र २०१० मध्ये सिगॅनस या शैवालभक्षी सागरी माशात डीएचए घडवणारे डेल्टा-४ डिसॅच्युरेज सापडले. त्यामुळे पाणी खारे की गोडे यापेक्षा मासा काय खातो हे कारण अधिक सयुक्तिक वाटते.

बोटुकलीच्या कोरड्या खाद्यात ही ओमेगा-३ आम्ले साधारण ०.५ ते २ टक्के लागतात. डिंभांची गरज याहून अधिक मानतात, पण आकडे जातीगणिक बरेच बदलतात. डीएचए ईपीएच्या दुप्पट असावे, हे प्रमाण मुख्यतः नैसर्गिक अंड्यांतील बलकावरून घेतलेले आहे. आम्ले फॉस्फोलिपिडांच्या (फॉस्फेटयुक्त मेदांच्या) रूपात दिल्यास डिंभ ती अधिक चांगली वापरतात.

डीएचए मेंदू व दृष्टिपटलात साठते. ते न मिळालेली यलोटेल या सागरी माशाची पिल्ले थवा करू शकली नाहीत. चपट्या माशांत ॲराकिडॉनिक आम्ल अति झाल्यास रंग बिघडतो.

रोटिफर व आर्टेमिया या सूक्ष्म जलचरांचे डिंभांना दिले जाणारे जिवंत खाद्य मुळात डीएचएला गरीब; म्हणून ते आयसोक्रायसिससारखे सूक्ष्म शैवाल किंवा तेलाचे पायस (पाण्यात विखुरलेले तेलाचे बारीक थेंब) देऊन समृद्ध करतात. आर्टेमिया मिळालेल्या डीएचएचे पुन्हा ईपीए करते, तेव्हा ते लगेच खाऊ घालावे लागते.

भारतात कोबिया या सागरी माशाचे बीजोत्पादन २०१० मध्ये तमिळनाडूतील मंडपम येथे साधले. जिताडा गोड्या पाण्यातही वाढतो; पण तेथेही लांब साखळीची आम्ले घडवण्याची त्याची क्षमता तोकडीच राहते, त्यामुळे सांगलीच्या तळ्यात सोडला तरी त्याला पेंड-कोंडा पुरत नाही.