फॉर्मचाही फॉर्म असतो : लो-कोडच्या पोटात डोकावताना

गेल्या महिन्यात कराडहून मावसभावाचा फोन. "ताई, तुला पाठवलेला व्हिडिओ बघितलास का? कोडिंग संपलं म्हणतोय तो, अर्ध्या तासात अ‍ॅप. मग माझं पण करून दे की." त्याचा मंडप डेकोरेशनचा धंदा आहे, म्हणजे खुर्च्या, टेबलं, सतरंज्या, कनाती, मोठी पातेली, ओगराळी, शेगड्या हे सगळं तो भाड्याने देतो, मग लग्न असो, वास्तुशांत असो नाहीतर बारसं. आणि मी सॉफ्टवेअरवाली, त्यामुळे घरात कुणाचा प्रिंटर अडला तरी फोन मलाच येतो.

अर्ध्या तासात अ‍ॅप होतं हे खरं आहे. "कोडिंग संपलं" ही मात्र थाप आहे आणि ती बरीच जुनी आहे. १९५९ मध्ये कोबोल भाषा आखायला घेतली तेव्हाही हीच आशा होती, की प्रोग्राम इंग्रजी वाक्यांसारखा दिसेल आणि मग साहेबालाही वाचता येईल. साहेब काय वाचायला बसले नाहीत, उलट कोबोल लिहिणाऱ्यांची एक नवीन जमात तयार झाली. लो-कोड (म्हणजे फारसा कोड न लिहिता, माउसने खाने ओढून-जोडून अ‍ॅप बनवायची पद्धत) हा शब्द २०१४ मध्ये फॉरेस्टर या संशोधन कंपनीच्या अहवालातून रूढ झाला, कल्पना मात्र त्याच्या कितीतरी आधीची. आता त्यावर एआयची झालर लागलीये एवढंच.

तर आधी भावाचं एक्सेल बघितलं. एकच शीट, एका ओळीत एक बुकिंग. गिऱ्हाइकाचं नाव, फोन, पत्ता, "खुर्च्या २०० पातेली ४ सतरंजी ६" हे सगळं एकाच खान्यात, तारीख, अ‍ॅडव्हान्स, बाकी. आणि तेच गिऱ्हाईक तीन प्रकारे, पाटील अण्णा, पाटील आण्णा आणि नुसतंच अण्णा (मळा). अण्णांची एकूण बाकी किती हे एक्सेलला विचारायची सोयच नाही, कारण एक्सेलच्या मते ही तीन वेगवेगळी माणसं. खुर्च्यांची बेरीज तर सोडूनच द्या, एका खान्यात कोंबलेल्या वाक्याची बेरीज कोण करणार.

हसू नका, मोठमोठ्यांचं झालंय हे. २०२० च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये इंग्लंडच्या आरोग्य यंत्रणेत कोविडच्या १५,८४१ केसेस आठवडाभराच्या आकड्यांतून गायब झाल्या, कारण माहिती एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फाइलमध्ये भरली जात होती आणि त्या फाइलला ६५,५३६ ओळींच्या पुढे जागाच नसते. पुढच्या ओळी गुपचूप गळून गेल्या.

म्हणून पहिलं काम म्हणजे तोडणं. गिऱ्हाइकांचं एक टेबल (भाड्याने द्यायचं नव्हे, ओळी-खान्यांचा तक्ता), वस्तूंचं एक, चलानांचं (माल पाठवताना फाडतात त्या पावतीचं) एक, आणि चलानातल्या ओळींचं आणखी एक, कारण एका चलानात वस्तू कितीही असू शकतात. चलानात अण्णांचं नाव टाइप करायचंच नाही, गिऱ्हाइकांच्या टेबलातल्या त्यांच्या ओळीकडे फक्त बोट दाखवायचं, मग फोन बदलला तर एकाच जागी बदलतो. ही विचारसरणी १९७० सालची, आयबीएमच्या सॅन होजे इथल्या प्रयोगशाळेतल्या एडगर कॉड यांची, आणि आजचे बहुतेक लो-कोड प्लॅटफॉर्म त्याच पायावर उभे आहेत. माउसने ओढा नाहीतर हाताने लिहा, "ही वस्तू वेगळी, ती घटना वेगळी" हे ठरवणं माणसाच्याच डोक्यातून यावं लागतं.

इथे एक गंमत. बोट दाखवायला प्रत्येक ओळीला एक ओळखनंबर लागतो. भावाने चलान नंबरसाठी कुणा अंकज्योतिषाचा सल्ला घेतलेला, अंकांची बेरीज (एक आकडी होईपर्यंत करत जायची) आठ आली तर तो नंबर शनीचा, वापरायचा नाही. म्हणजे ८, १७, २६, ३५... जरा बघा, हे दर नऊ नंबरांमागे एक येतं (नऊने भागून बाकी आठ), त्यामुळे वहीतलं दर नववं चलान हा माणूस कोरं सोडत होता. जीएसटीच्या नियमात बिलांचे नंबर सलग हवेत, त्यामुळे बिलं पण अशीच सोडलीस तर सीए पहिला तुझी साडेसाती काढेल, म्हटलं. पण खरा मुद्दा वेगळाच आहे, ओळखनंबर जितका निरर्थक तितका चांगला. त्यात गावाचं नाव, फोन, शुभ-अशुभ असा अर्थ भरला की तो अर्थ कधीतरी बदलतो आणि मग दाखवलेली सगळी बोटं चुकीच्या जागी वळतात.

आता माझा आवडता भाग, आणि खरं सांगायचं तर हा लेख मी ह्यासाठीच लिहायला घेतला.

मी त्याच्यासाठी फ्रॅपे वापरलं. हा मुंबईत तयार झालेला लो-कोड प्लॅटफॉर्म, ईआरपीनेक्स्ट हे धंद्याचा कारभार सांभाळणारं सॉफ्टवेअर ज्यावर चालतं तो, ओपन सोर्स आहे, लायसन्सचे पैसे नाहीत. साध्या पद्धतीने प्रोग्राम लिहिताना चलानासाठी एक स्क्रीन लिहायचा, ती साठवायचा कोड लिहायचा, यादी दाखवायचा, शोधायचा, छापायचा. मग वस्तूंसाठी हेच सगळं परत, गिऱ्हाइकांसाठी परत. तीच पोळी परत परत लाटायची. कधीतरी कुणाच्या तरी डोक्यात आलं की या सगळ्या स्क्रीनमध्ये फरक काय आहे? फक्त खाने वेगळे! मग खान्यांची यादी प्रोग्रामच्या बाहेर काढून एका टेबलात ठेवली तर?

तर तेच. फ्रॅपेमध्ये "चलान" म्हणजे काय याचं वर्णन हीच एक नोंद असते, तिला डॉकटाइप म्हणतात. आणि त्यातला प्रत्येक खाना (तारीख, गिऱ्हाईक, अ‍ॅडव्हान्स) ही डॉकफील्ड नावाच्या टेबलातली एक ओळ. त्या ओळीत लिहिलेलं असतं की लेबल काय, प्रकार काय (तारीख की आकडा की दुसऱ्या टेबलाकडे दाखवलेलं बोट), भरणं सक्तीचं आहे का. आत एकच सर्वसाधारण प्रोग्राम बसलेला असतो, तो हे वर्णन वाचतो आणि त्याबरहुकूम स्क्रीन मांडतो, साठवतो, शोधून देतो. त्याला मंडप माहीत नाही की पातेलं माहीत नाही. उद्या हेच वर्णन बदलून गोठ्यातल्या म्हशींची नोंद केली तरी तो प्रोग्राम तसूभर बदलत नाही. तुम्ही माउसने खाना ओढून टाकता म्हणजे प्रत्यक्षात त्या टेबलात एक ओळ भरता, बस. कोड लिहिला जात नाहीये, डेटा भरला जातोय!

आणि आता कळस. डॉकटाइप भरायचा जो फॉर्म असतो ना, तो फॉर्मसुद्धा एक डॉकटाइपच आहे. डॉकटाइपच्या यादीत "डॉकटाइप" नावाची नोंद सापडते, तिच्यात "डॉकटाइपला कुठले खाने असतात" हे लिहिलेलं. मोदकाचा साचा ज्या साच्यातून निघाला तो साचाही स्वतःतूनच निघाल्यासारखं आहे हे. पहिल्यांदा मला हे उमगलं तेव्हा रात्रीचे दोन वाजलेले आणि नवऱ्याला उठवून सांगितलं, त्याने "बरं" म्हणून कूस बदलली.

पण मग प्रश्न येतो की वर्णन बदललं, नवीन खाना आला, तर खरा डेटा ठेवायचा कुठे? इथे दोन घराणी आहेत. फ्रॅपे सरळमार्गी, प्रत्येक डॉकटाइपला डेटाबेसमध्ये स्वतःचं टेबल (नावाआधी "टॅब" असं लावून), खाना वाढवला की टेबलाला खराखुरा कॉलम जोडतं. खाना काढला तर मात्र कॉलम पुसत नाही, आतला डेटा तसाच ठेवतं, माळ्यावरच्या ट्रंकेसारखा. सेल्सफोर्स या कंपन्यांना इंटरनेटवरून सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या अमेरिकन कंपनीची अडचण वेगळी होती, तिथे हजारो कंपन्या एकाच डेटाबेसमध्ये भाडेकरू, प्रत्येकाच्या हट्टापायी टेबलं बदलत बसले तर सगळंच ठप्प. म्हणून त्यांच्या इंजिनियरांनी २००९ च्या शोधनिबंधात जे मांडलं ते असं, एकच अवाढव्य टेबल, त्यात व्हॅल्यू-० पासून व्हॅल्यू-५०० पर्यंत बिननावाचे कॉलम, आणि एका कंपनीसाठी व्हॅल्यू-३ म्हणजे तारीख तर दुसरीसाठी तोच व्हॅल्यू-३ म्हणजे शहराचं नाव, कुठला कॉलम कुणासाठी काय हे वर्णनाच्या टेबलात. म्हणून त्या कॉलमांमध्ये सगळं अक्षरं म्हणून साठवायचं, पण अक्षरं म्हणून लावलं तर १०० हे ९ च्या आधी येतं (कारण १ आधी, ९ नंतर), मग ज्या खान्यांवर शोध घ्यायचा त्यांची नक्कल वेगळ्या टेबलात, तिथे आकड्यांना आकड्यांचा कॉलम, तारखांना तारखांचा, आणि त्याच्यावर इंडेक्स (पटकन सापडावं म्हणून केलेली सूची). म्हणजे डेटाबेसच्या आत दुसरा डेटाबेस बांधला की यांनी. हा परिच्छेद डोक्यावरून गेला असेल तर चालेल, पुढे लागणार नाहीये, मला राहवलं नाही म्हणून.

बाकीच्या गोष्टी पटकन. नोंदीला अवस्था असते, फ्रॅपेत ० म्हणजे कच्ची, १ म्हणजे पक्की, २ म्हणजे रद्द. पक्की झाली की सहजासहजी बदलता येत नाही, रद्द करून तिच्यावरून दुसरी काढायची. आजोबांच्या चोपडीत खाडाखोड चालायची नाही, आडवी रेघ मारून खाली नवीन नोंद, तोच हा नियम. मग परवानग्या, गोडाऊनवरच्या पोराला चलान दिसावं पण हिशोब दिसू नये, हे टिकमार्क करून होतं. आणि दोघांनी एकच चलान एकाच वेळी उघडलं तर दुसऱ्याने साठवताना प्लॅटफॉर्म अडवतो, की तू उघडल्यानंतर हे बदललंय, परत उघड. भावाला हा मेसेज म्हणजे बिघाड वाटला, तो खरं तर पहारेकरी आहे.

आणि प्रत्येक प्लॅटफॉर्मची एक झाकलेली खोड असते ती आधी शोधावी. मायक्रोसॉफ्टच्या पॉवर अ‍ॅप्समध्ये काही प्रकारचे शोध मूळ डेटाबेसकडे पाठवता येत नाहीत, तेव्हा ते पहिल्या ५०० ओळी (सेटिंग बदलून जास्तीत जास्त २०००) आणतं आणि तेवढ्यातच शोधतं. बनवताना पिवळी खूण दिसते, पण वापरणाऱ्याला काहीच दिसत नाही. ट्रायलमध्ये ४० ओळी असतात त्यामुळे सगळं झकास, दोन वर्षांनी अण्णांची बाकी चुकायला लागते.

असो. अर्ध्या तासात तर नाही, पण एका रविवारी चलान, गिऱ्हाईक, वस्तू सगळं उभं राहिलं, एकही ओळ कोड न लिहिता. मग भाऊ म्हणाला, "आता फक्त एवढं कर, बुकिंग घेताना खुर्च्या शिल्लक आहेत का ते सांगू दे." फक्त एवढं!

कारण इथे तारखा आल्या. समजा ५०० खुर्च्या आहेत. दहा-अकरा तारखेला ३०० गेल्यात, तेरा-चौदाला दुसरीकडे ३००. आता सप्ताहवाले आले, त्यांना दहा ते चौदा २०० हव्यात. सोपा वाटणारा हिशोब असा, की या तारखांना छेदणारी सगळी चलानं काढा आणि बेरीज करा. दोन तारखांचे टप्पे छेदतात की नाही हे ओळखणं सोपं आहे, प्रत्येकाची सुरुवात दुसऱ्याच्या शेवटापर्यंत झालेली असली की छेदतात. पण बेरीज येते ६००, म्हणजे अ‍ॅप म्हणतं की शिल्लक उणे शंभर, बुकिंग नाही. प्रत्यक्षात मात्र कुठल्याही एका दिवशी ३०० च्या वर बाहेर नाहीत, कारण त्याच खुर्च्या अकराला परत येऊन तेराला जाणार आहेत! म्हणून एकेक दिवस घेऊन त्या दिवशी बाहेर किती हे मोजायचं आणि त्यातला सगळ्यात वाईट दिवस धरायचा. हे कुठल्या टिकमार्कने होत नाही, फ्रॅपेत स्वतःचा कोड लिहायला सर्व्हर स्क्रिप्ट नावाची खिडकी असते, तिच्यात पायथॉन भाषेच्या दहा-बारा ओळी लिहिल्या.

मोठ्या तोऱ्यात त्याला दाखवलं. त्याने दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाला, "ताई, खुर्च्यांचं बरोबर आहे, पण पातेली चौदाला येतात ती खरकटी येतात की. घासायला बाई पंधराला सकाळी येणार. तू पंधराला मोकळी दाखवतीयस."

मग वस्तूच्या डॉकटाइपमध्ये एक खाना वाढवला, "परत आल्यावर लागणारे दिवस", अर्ध्या मिनिटाचं काम, डॉकफील्डमध्ये एक ओळ. स्क्रिप्टमध्ये शेवटच्या तारखेला तेवढे दिवस जोडले. आकडे त्यानेच भरले, खुर्ची शून्य, पातेलं एक, सतरंजी दोन. सेव्ह दाबून थांबला आणि विचारतो, "पावसाळ्यात सतरंजीला चार लागतात, ते कुठं टाकू?"