लीग ऑफ लेजेंड्समधील ट्रिब्युनल

लीग ऑफ लेजेंड्स या ऑनलाइन खेळात शिवीगाळ करणाऱ्या किंवा मुद्दाम आपल्याच टीमला हरवणाऱ्या खेळाडूंचा निवाडा इतर खेळाडूंच्या मतांवर करणारी व्यवस्था. रायट गेम्स या अमेरिकन कंपनीने ती मे २०११ मध्ये सुरू केली. २०१४ मध्ये ती बंद झाली.

या खेळात पाच-पाच जणांच्या दोन टीम असतात. बहुतेकदा एकमेकांना न ओळखणाऱ्या पाच जणांचा डाव एकाच्या हट्टापायी बुडू शकतो, आणि मग राग चॅटमध्ये निघतो. सामना संपल्यावर खेळाडू एकमेकांना रिपोर्ट करत. एकाच्या नावावर बऱ्याच तक्रारी साठल्या की त्याचे प्रकरण ट्रिब्युनलकडे जाई. मत देणाऱ्यासमोर तक्रार झालेल्या सामन्यांची पूर्ण चॅट, किती जणांना मारले व किती वेळा मेला याचा हिशेब, घेतलेल्या वस्तू आणि तक्रारदारांचे शेरे येत. आरोपीचे नाव झाकलेले असे. शिक्षा किंवा माफी, यांपैकी एक निवडायचे.

खरी कसोटी वाचण्यात होती. पंधरा वेळा मेलेला खेळाडू मुद्दाम मरत होता की नवखा असल्यामुळे धडपडत होता, हे नुसत्या आकड्यावरून ठरत नाही. कधी सुरुवातीपासून डिवचणारा भलताच कोणी निघतो आणि आरोपीने अखेरीस उत्तर दिलेले असते. म्हणूनच बहुमताशी जुळणाऱ्या मताला खेळातले चलन बक्षीस देण्याची सुरुवातीची पद्धत चुकीची होती: पुरावा न वाचता सरसकट ‘शिक्षा’ दाबत सुटण्याचा मोह त्यातून वाढला. पुढे हे बक्षीस काढून टाकण्यात आले.

ट्रिब्युनलचे सर्वांत मोलाचे देणे म्हणजे शिक्षा झालेल्याला त्याचीच चॅट पुराव्यादाखल दाखवण्याची पद्धत. नुसता बॅन बसला तर माणूस कंपनीला दोष देऊन मोकळा होतो. आपलेच शब्द समोर आले आणि आपल्यासारख्याच खेळाडूंनी ते नाकारलेले दिसले, की त्याला पळवाट उरत नाही. कंपनीच्या खेळाडू-वर्तन विभागाचे प्रमुख जेफ्री लिन यांनी मांडलेला निष्कर्षही इथे महत्त्वाचा आहे. सतत टॉक्सिक, म्हणजे इतरांना त्रास होईल असे, वागणारे सुमारे १ टक्का खेळाडू एकूण त्रासापैकी जेमतेम ५ टक्के त्रास देत होते. बाकीचा बहुतांश त्रास एरवी नीट वागणाऱ्या, पण त्या दिवशी बिनसलेल्या लोकांकडून येत होता. अशा लोकांना हाकलण्यापेक्षा चूक दाखवून देणे जास्त उपयोगाचे.

निकालाला लागणारा वेळ ही व्यवस्थेची मोठी उणीव होती. सामना विसरल्यावर आलेल्या शिक्षेचा परिणाम ओसरलेला असे. २०१५ मध्ये कंपनीने तक्रारी संगणकाकडून तपासून सामन्यानंतर थोड्याच वेळात निकाल देणारी पद्धत आणली. तिच्या मुळाशी ट्रिब्युनलमध्ये पडलेली १० कोटींहून अधिक मतेच होती. जेरेमी ब्लॅकबर्न आणि हेऊन क्वाक या संशोधकांनीही २०१४ मध्ये अशा १४ लाखांहून अधिक खेळाडूंची प्रकरणे वापरून, लोकांचा कौल संगणकाला आधी ओळखता येतो का, हे तपासले होते.

व्हॉल्व्ह कंपनीने २०१३ मध्ये काउंटर-स्ट्राइक: ग्लोबल ऑफेन्सिव्ह या नेमबाजीच्या ऑनलाइन खेळात आणलेली ओव्हरवॉच ही याच जातीची व्यवस्था. तिथे अनुभवी खेळाडू संशयिताच्या सामन्याचे चित्रण पाहून फसवणूक किंवा टीमला दिलेला त्रास संशयातीत सिद्ध होतो का, ते ठरवत. ज्याचे निर्णय आधी अचूक ठरले, त्याच्या मताला अधिक वजन मिळे. २०२१ मध्ये व्हॉल्व्हच्याच डोटा २ या खेळातही याच नावाची सोय आली.