सोंग बदललं, चाल तीच

खिशात गप्प पडलेला मोबाइल खरं तर गप्प नसतो. कॉल आला तर तो कोणत्या भागात शोधायचा हे नेटवर्कला माहीत असावं लागतं, म्हणून फोन अधूनमधून आपला ठावठिकाणा कळवत राहतो. ते कळवताना ओळख सांगणं आलंच. सिममध्ये आयएमएसआय नावाचा कायमचा क्रमांक असतो, जास्तीत जास्त १५ आकडी. तो दर वेळी उघडपणे हवेत गेला, तर रिसीव्हर लावून बसलेला कुणीही तुमच्या येण्या-जाण्याची वही लिहू शकेल. हा धोका जीएसएमची, म्हणजे टूजी मोबाइलच्या मानकाची, आखणी करणाऱ्यांनी आधीच ओळखला होता. त्यांनी टीएमएसआय हा ३२ बिटांचा तात्पुरता क्रमांक आणला. नेटवर्क तो फोनला सांकेतिक रूपात कळवतं आणि पुढचा व्यवहार त्याच क्रमांकावर चालतो.

मग अडचण कुठे आली? पेजिंगमध्ये. फोन नेमका कोणत्या टॉवरखाली आहे हे नेटवर्कला दर क्षणी माहीत नसतं. कॉल आला की त्या भागातले अनेक टॉवर फोनच्या तात्पुरत्या क्रमांकाने पुकारा करतात, आणि हा पुकारा कुणालाही ऐकता येतो. आता एखाद्याने तुम्हाला कॉल लावला आणि रिंग वाजण्याआधीच तोडला, असं दहा-वीसदा केलं, तर दर वेळी पुकाऱ्यात येणारा समान क्रमांक तुमचाच. तुम्ही या भागात आहात हे त्याला कळलं, तुम्हाला मात्र पत्ताच नाही. मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१२ मध्ये हे करून दाखवलं.

उपाय सरळ वाटतो: क्रमांक वरचेवर बदला. पण नुसतं बदलून भागत नाही. कोरियातल्या कायस्ट या संस्थेच्या संशोधकांनी २०१८ मध्ये २८ मोबाइल कंपन्यांचे फोरजीतले तात्पुरते क्रमांक तपासले. त्यांपैकी १९ कंपन्यांच्या क्रमांकांत सहज ओळखू येणारा साचा सापडला. क्रमांक बदलत होता, पण त्यातला काही भाग जसाच्या तसा राहत होता. बहुरूप्याने सोंग बदललं तरी चालीवरून तो ओळखू यावा, तसंच हे. माझ्या मते ही चूक क्रमांक न बदलण्यापेक्षा वाईट, कारण काम झालं असं वाटून सगळे निर्धास्त होतात.

वायफायची कथाही फार वेगळी नाही. ओळखीचं नेटवर्क शोधताना फोन आपला ४८ बिटांचा मॅक पत्ता, म्हणजे वायफायवरचा त्याचा ओळख क्रमांक, हवेत सोडायचा. २०१४ मध्ये आयफोन अशा शोधात बनावट पत्ते वापरू लागला, आणि अँड्रॉइडने २०१९ पासून प्रत्येक नेटवर्कसाठी वेगळा पत्ता देणं मूळ सेटिंगमध्येच आणलं. पण पत्ता बदलूनही संदेशांचा अनुक्रमांक अखंड पुढे जात असेल, तर ४१७ नंतर ४१८ पाठवणारा फोन तोच हे उघड आहे.

ब्लूटूथमधली युक्ती मला सगळ्यात आवडते. बदलत्या पत्त्याचे २४ बिट जवळपास यादृच्छिक असतात आणि उरलेले २४ बिट त्यांच्यावरून एका गुप्त किल्लीने काढलेले असतात. जोडलेल्या इअरफोनकडे ती किल्ली असते, म्हणून तो हिशेब करून मालक ओळखतो. परक्याला निव्वळ आकडे दिसतात. हा पत्ता साधारण १५ मिनिटांनी बदलतो. तरी बॉस्टन विद्यापीठाच्या संशोधकांना २०१९ मध्ये फट सापडलीच. काही उपकरणांत पत्ता आणि संदेशातली इतर खूण एकाच क्षणी बदलत नव्हती. जुनी खूण नव्या पत्त्याबरोबर दिसली की साखळी जोडली गेली.

फाइव्हजीच्या मानकात हे धडे उतरलेले दिसतात. पुकाऱ्याला फोनने उत्तर दिलं की त्याला नवा तात्पुरता क्रमांक द्यायलाच हवा. त्यामुळे कॉल लावून तोडण्याच्या खेळात तोच क्रमांक पुन्हा हाती लागत नाही. कायमचा क्रमांक सांगायची वेळ आलीच, तर त्याचा ग्राहकाची ओळख पटवणारा भाग कंपनीच्या सार्वजनिक किल्लीने (या किल्लीने कुलूप कुणीही लावावं, उघडणारी किल्ली मात्र फक्त कंपनीकडे) सांकेतिक करून पाठवण्याची सोय आहे. ती वापरायची की नाही, हे मात्र कंपनी ठरवते.

शिवाय फाइव्हजी फोनलाही मागे खेचता येतं. बनावट टॉवर त्याला टूजीवर उतरायला लावू शकतो. तिथे फोन टॉवरची ओळख तपासतच नाही आणि विचारलं की आयएमएसआय सांगून मोकळा होतो. म्हणूनच अँड्रॉइड १२ पासून काही फोनमध्ये टूजी बंद ठेवण्याचा पर्याय आला. टूजी असं बंद ठेवलं तरी आणीबाणीचा कॉल त्यावरून लागतो.